कुंडीतल्या मातीवर पुन्हा पुन्हा पांढरी बुरशी येतेय? मग या क्रमाने तपासा

पाऊस लागला की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर हमखास फोटो पडतो, "ताई हे मातीवर पांढरं काय आलंय, झाड जाणार का?" मुलुंडला आमच्याकडे जवळपास प्रत्येक घरात कुंड्या आहेत, ग्रिलमध्ये, हॉलमध्ये, किचनच्या खिडकीत, आणि दर पावसाळ्यात हीच तक्रार मी घरोघरी जाऊन निस्तरते. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. बुरशी खरवडून काही होत नाही, वरची माती सुकत का नाहीये ते शोधायचं, बाकी सगळं त्याच्यानंतर.

आधी नक्की काय दिसतंय ते बघा

पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच असं नसतं, आणि चुकीच्या गोष्टीवर औषध टाकलं तर पैसे जातात, झाडाला त्रास होतो तो वेगळाच.

साधी बुरशी मऊ असते, कापसाचे तंतू पसरल्यासारखी. काडी लावली की मोडते, पाणी ओतलं की बसते आणि दोन-तीन दिवसांत परत वर येते. सोबत कुबट वास असतो आणि संध्याकाळी लाइट लावला की कुंडीभोवती बारीक काळी चिलटं फिरतात. झाडाची पानं मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतात. ही बुरशी मातीतला कुजणारा माल खाते, म्हणजे खत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गळलेली पानं. जिवंत मुळांना ती हात लावत नाही, त्यामुळे फक्त एवढंच दिसत असेल तर झाड आज मरतंय असं समजून घाबरू नका.

पांढरं पण कडक, खरखरीत, कुंडीच्या काठाला आणि मातीच्या कुंडीला बाहेरूनही चिकटलेलं असेल तर ते क्षार. थोडं खरवडून चमच्यात घ्या आणि वर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, फसफसलं तर चुना आहे. फसफसलं नाही पण साध्या पाण्यात विरघळून गेलं तर खताचे क्षार. तलावांतून येणारं आपलं महापालिकेचं पाणी तसं मऊ असतं, पण ज्या सोसायटीत टँकर नाहीतर बोअरिंगचं पाणी मिसळतात तिथे हा थर जास्त दिसतो. त्याला बुरशीचं औषध लागत नाही, वरचा थर काढायचा, एकदा भरपूर पाणी घालून खालून पूर्ण वाहू द्यायचं आणि खत कमी करायचं.

पांढरे कापसाचे पुंजके मातीवर नसून खोडावर, पानांच्या बेचक्यात असतील आणि हाताला चिकट लागत असेल तर मिलीबग आहे, ती कीड आहे, तिचा इलाज वेगळा. हिरवा गुळगुळीत थर म्हणजे शेवाळ. रात्रीतून उगवलेला पिवळा फेसासारखा गोळा असेल तर तो दिसायला भयंकर पण झाडाला निरुपद्रवी, चमच्याने उचलून टाका. आणि नाजूक पिवळ्याधमक छत्र्या आल्या असतील तर त्याही झाडाचं काही बिघडवत नाहीत, पण खाल्ल्या तर विषारी आहेत, घरात रांगणारं बाळ किंवा मांजर असेल तर दिसल्या दिसल्या मुळापासून उपटा, हातमोजा किंवा पिशवी घालून.

आता ज्याची खरी भीती बाळगायची ते. खोड जिथे मातीत शिरतं तिथे पांढरी जाळी पंख्यासारखी पसरलेली, खोड तिथे मऊ किंवा तपकिरी, झाड पाणी असूनही मान टाकतंय, आणि जाळीत मोहरीच्या दाण्यांएवढे पांढरे ते तपकिरी गोल दाणे. हा स्क्लेरोशियम, खोडकुजीचा रोग, आणि आपल्याकडची गरम दमट हवा त्याला फार मानवते. हे दिसलं तर खालचं काहीही करत बसू नका, सरळ शेवटच्या भागात जा.

पहिलं, फुकटातलं: पाणी थांबवा आणि काडी घालून बघा

साधी बांबूची काडी किंवा जळून उरलेली उदबत्तीची काडी घ्या, कुंडीच्या काठाजवळून खालपर्यंत खोचा, दहा मिनिटांनी काढा. माती चिकटून ओली निघाली तर पाणी घालायचं नाही, बास. फक्त वरून बोट लावून बघू नका, कारण कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि खाली चिंब असतं, आणि आपली लाल माती उलट, वरचा पापुद्रा ओला आणि आत पाणी पोचलेलंच नाही असंही होतं.

बुरशी वाढायला ओल, अन्न आणि स्थिर हवा लागते. अन्न मातीत असणारच आणि बीजाणू, म्हणजे बुरशीचं डोळ्यांना न दिसणारं बी, हवेत कायमच असतात, ते कोणी थांबवू शकत नाही, म्हणून आपल्या हातात पहिली उरते ती ओल. मुंबईत जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबर लागेपर्यंत हवा इतकी दमट असते की मे महिन्यात दोन दिवसांत सुकणारी कुंडी जुलैमध्ये आठ-दहा दिवस सुकत नाही, वर ढगांमुळे ऊन नाही म्हणून झाडही पाणी कमी ओढतं, आणि आपण मात्र उन्हाळ्याच्याच हिशोबाने एक दिवसाआड झारी घेऊन उभे. बहुतेक घरांत सगळं कारण एवढंच निघतं. स्नेक प्लांट, झीझी, अडेनियम यांना तर पावसाळ्यात घराच्या आत असताना तीन-तीन आठवडे पाणी नाही घातलं तरी चालतं.

तुळशीचं मला वेगळं सांगायचंय कारण तिथे प्रश्न नुसता बागकामाचा नाही. आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि कुठल्याही आजींना "घालू नका" म्हणणं मला पटतही नाही. पण हे अंगणातल्या वृंदावनाला चालायचं, तिथे ऊन होतं आणि खाली जमीन होती, किचनच्या खिडकीतल्या छोट्या प्लास्टिकच्या कुंडीला ते झेपत नाही. मी सांगते की पावसाळ्यात पळीभरच घाला, आणि तेही काठाकडून, खोडावर नको. हळद-कुंकू, दूध, अक्षता, फुलं कुंडीत न टाकता बाजूला ताटलीत वाहा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींनी हे आनंदाने मान्य केलं आणि त्यांची तुळस आता पावसाळ्यातही टिकते.

दुसरं: कुंडी उचलून खाली बघा

खालच्या प्लेटमध्ये पाणी साचलंय का? आणि त्याहून जास्त फसवणारी गोष्ट, ती सुंदर सिरॅमिकची कुंडी, जिच्यात नर्सरीची प्लास्टिकची कुंडी तशीच ठेवलेली असते. बाहेरच्या कुंडीला भोक नसतं, आत दोन बोटं पाणी साठतं आणि बाहेरून काही कळत नाही, माती ते पाणी खालून वर ओढत राहते, मग वरून तुम्ही महिनाभर पाणी तोडलं तरी बुरशी जात नाही. आतली कुंडी बाहेर काढा, बाहेरचीतलं पाणी ओता, पुसा, आणि यापुढे पाणी घालायचं ते आतली कुंडी सिंकमध्ये ठेवून, पूर्ण निथळली की मगच परत ठेवायची.

प्लेटमधलं पाणी तर डासांसाठीही रोज नाहीतर निदान आठवड्यातून दोनदा ओतायलाच हवं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, आणि पावसाळ्यात पालिकेचे लोक घरी येऊन आधी कुंडीखालच्या प्लेटाच बघतात ते उगाच नाही.

तिसरं: मातीवर तुम्ही काय काय टाकताय?

इथे आपल्या घरांमध्ये फार प्रेमाने फार चुकीच्या गोष्टी होतात. उरलेली चहा पावडर, तीही दूध-साखरेच्या चहाची न धुतलेली, तांदळाचं धुवण, ताक, केळ्याची सालं, निर्माल्य. हे सगळं खत होऊ शकतं, पण कुजल्यावर, आणि कुजवण्याचं काम बुरशीच करते. मातीवर कच्चं टाकलं की तुम्ही हॉलमधल्या कुंडीतच कंपोस्टचा डबा उघडलेला असतो. सगळं गोळा करून झाकणाला भोकं पाडलेल्या वेगळ्या डब्यात कुजवा, दोन-तीन महिन्यांनी काळं भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं झालं की कुंडीत घाला.

निंबोळी पेंड टाकून दोन दिवसांनी पांढरा कापूस आला म्हणून घाबरलेले लोक मला दरवर्षी भेटतात. पेंड वरवर भुरभुरली आणि ओली झाली की बुरशी येतेच, तो पेंड कुजायला लागल्याचा पुरावा आहे. खुरप्याने दोन इंच खाली मिसळून टाका, दिसेनाशी होईल. शेणखतही पूर्ण कुजलेलं नसेल तर असंच, पिशवी उघडल्यावर गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते अजून तयार नाही, घरातल्या कुंडीला नकोच.

आणि गणपतीनंतरचं. घरी बादलीत शाडूच्या मूर्तीचं विसर्जन करून ते पाणी-माती कुंड्यांत घालणं ही चांगली भावना आहे, पण शाडू ही अतिशय बारीक चिकणमाती असते, ती वरच्या थरात बसते आणि मातीची हवाच बंद होते, पाणी वर तळ्यासारखं उभं राहतं. घालायचीच असेल तर पूर्ण सुकवून, फोडून, मूठभर एका मोठ्या कुंडीत, कोकोपीट आणि वाळूबरोबर मिसळून घाला. बाकीची पुढच्या वर्षीच्या मूर्तीला ठेवता येते, भिजवली की ती परत मळता येते.

चौथं: आता वरचा थर काढा

वरच्या तीन गोष्टी झाल्यावरच हे करा, आधी केलंत तर आठवड्यात परत येणार. तोंडाला मास्क लावा, कुंडी गॅलरीत न्या, पंखा बंद, आणि बुरशीवर पाण्याचा अगदी हलका स्प्रे मारा म्हणजे बीजाणू उडत नाहीत. कोरडी असताना ब्रशने झाडली तर सगळी धूळ तुमच्या नाकात आणि बाजूच्या कुंड्यांत जाते. मग चमच्याने वरची इंचभर माती काढून पिशवीत भरा, पिशवी बांधा. गळलेली पानं पण उचला. उरलेली माती काट्याच्या चमच्याने वरवर सैल करा, मुळं तुटतील इतकं खोल नको. काढलेल्या जागी भाताचा तूस किंवा धुतलेली जाड वाळू अर्धा इंच पसरली तर वरचा थर लवकर कोरडा होतो आणि चिलटांनाही अंडी घालायला ओलं सापडत नाही. चिलटांसाठी पिवळी चिकट कार्डं मिळतात तीही लावा, पण कार्डावर फक्त उडणारी मरतात, मातीतल्या अळ्या माती सुकल्यावरच कमी होतात, त्यामुळे तीन-चार आठवडे धीर धरा.

पाचवं: हवा

पावसाळ्यात आपल्याकडे कपडे कुठे वाळतात? हॉलमध्ये, स्टँडवर, आणि स्टँड असतो नेमका खिडकीपाशी, कुंड्यांच्या शेजारी. एका लोडच्या कपड्यांतलं सगळं पाणी त्याच हवेत जातं. स्टँड नाहीतर कुंड्या, एकाची जागा बदला. कुंड्या एकमेकांना चिकटून ठेवू नका, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पाऊस थांबला की खिडक्या उघडा, दिवसातून तास-दोन तास पंखा हळू फिरू दे, आणि जिथे वर्तमानपत्र लाइट न लावता वाचता येत नाही तिथे ठेवलेलं झाड चार महिने तिथेच ठेवू नका, खिडकीजवळ आणा.

सहावं: औषधं, आणि त्यांच्याबद्दल माझं मत

दालचिनीची पूड भुरभुरा असं सगळे सांगतात. छोट्या कुंडीत वरची बुरशी थोडी दबते, नुकसान काही नाही, पण माती ओलीच राहिली तर उपयोग नाही. खायचा सोडा नको, सोडियम मातीत साठत जातं. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचं तर बाटलीवरचा टक्का वाचा, आपल्याकडे बऱ्याच बाटल्या ६ टक्क्यांच्या असतात. ३ टक्के असेल तर एक भाग औषधाला चार भाग पाणी, ६ टक्के असेल तर एकास नऊ. ते एकदाच, फक्त वरच्या थरावर. ते चांगले जीवाणूही मारतं, म्हणून दर आठवड्याला ओतत राहणं मला अजिबात मान्य नाही.

मला स्वतःला पटलेलं म्हणजे ट्रायकोडर्मा. ही पण बुरशीच आहे, पण मुळं कुजवणाऱ्या बुरशींना खाणारी, त्यांची जागा घेणारी. बियाणं-खताच्या दुकानात पावडर मिळते, पाकिटावरची तारीख बघून घ्या कारण ती जिवंत असते. प्रमाण पाकिटावर दिलेलं असतं, साधारण लिटरला ५ ते १० ग्रॅम, संध्याकाळी, आणि माती किंचित ओलसर असताना, चिंब नाही. पेरॉक्साइड किंवा रासायनिक बुरशीनाशकाबरोबर देऊ नका, ती मरेल. दिल्यानंतर मातीत हिरवट छटा दिसली तर घाबरून खरवडू नका, तीच ती.

शेतीची रासायनिक बुरशीनाशकं, कार्बेन्डाझिम वगैरे, बंद घरात साध्या पांढऱ्या बुरशीसाठी वापरू नका. निरुपद्रवी गोष्टीसाठी मुलं खेळतात त्या हॉलमध्ये विष कशाला आणायचं.

सातवं, सगळ्यात कष्टाचं: माती बदलणं

हे तेव्हाच, जेव्हा वरचं सगळं करून दोन-तीन आठवडे झालेत आणि तरी काडी ओलीच निघतेय, किंवा मातीला गटारासारखा वास येतोय. तो वास म्हणजे आत हवा संपली. आधी कुंडीचं भोक बघा, स्क्रूड्रायव्हर घालून मोकळं करा, कधी कधी तेवढ्यानेच पाणी धो धो निघतं आणि पुढचं करावं लागत नाही.

नाही निघालं तर झाड बाहेर काढा. मुळं पांढरी किंवा फिक्या रंगाची आणि घट्ट असतील तर छान. तपकिरी, लिबलिबीत, ओढल्यावर साल हातात येऊन आत दोरा उरतो अशी असतील तर ती कुजलेली, डेटॉल किंवा स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापून टाका. खूप नर्सऱ्यांमधून झाड नुसत्या घट्ट लाल मातीच्या गोळ्यात येतं, वाहतुकीत हलू नये म्हणून ते ठीक आहे, पण घरात तो गोळा महिनाभर पाणी सोडत नाही, तो हळूच फोडा. नवीन मिश्रण मी असं करते: तीन भाग लाल माती, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग जुनं गांडूळखत, तीन भाग मोकळं करणारं काहीतरी, म्हणजे परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे), भाताचा तूस, जाड वाळू, जे मिळेल ते. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटंच मोठी घ्या, मोठ्या कुंडीतली जास्तीची माती कोणी पीत नाही आणि ती ओलीच बसते.

तळाला खडी भरू नका. सगळे भरतात, पण बारीक मातीतलं पाणी जाड खडीत लगेच उतरत नाही, वरची माती पूर्ण भरेपर्यंत ते तिथेच अडतं, म्हणजे ओला थर उलटा मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर मच्छरजाळीचा एक तुकडा पुरे.

इथे थांबा

मोहरीसारखे दाणे आणि खोडाशी पांढरी जाळी दिसली तर झाड वाचवायचा प्रयत्न घरी करू नका. कुंडीसकट वेगळं करा, झाड आणि माती पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही, सोसायटीच्या बागेत नाही, कारण ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. कुंडी, खुरपं साबणाने धुऊन उन्हात वाळवा. शेजारच्या कुंड्यांतही दिसायला लागलं तर जाणकार नर्सरीवाला किंवा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोग विभागात काम केलेला कोणी गाठा. महागडं बोन्साय, वीस-पंचवीस वर्षांचं झाड, गच्चीवरची पूर्ण बाग, इथेही मुळांना हात लावायच्या आधी त्यांनाच बोलवा.

कुंडीमागच्या भिंतीवर काळे डाग आहेत, रंगाचे पापुद्रे सुटतायत, तर प्रश्न कुंडीचा नाहीच. ती गळती आहे, बाहेरच्या भिंतीतून किंवा वरच्या बाथरूममधून. सोसायटीला लेखी कळवा आणि प्लंबर नाहीतर वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवा, तोपर्यंत कितीही माती बदललीत तरी व्यर्थ.

घरात कोणाला दमा आहे, केमो चालू आहे, किडनी वगैरे बसवलेली आहे, तर त्या व्यक्तीने हे काम करायचं नाही, कुंडी त्यांच्या खोलीतून बाहेर काढायची, आणि झाडं ठेवावीत की नाही ते त्यांच्या डॉक्टरांना विचारायचं. माती हलवल्यावर कोणालाही खोकला, छातीत घरघर सुरू झाली आणि थांबत नसेल तर बुरशी बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

नर्सरीवाल्याला किंवा मला फोटो पाठवताना नुसता मातीचा पाठवू नका. खोड मातीत शिरतं तिथला जवळून, कुंडीच्या खालच्या भोकाचा, आणि झाड जिथे ठेवलंय त्या पूर्ण जागेचा असे तिन्ही पाठवा, आणि शेवटचं पाणी कधी घातलं, वर काय काय टाकलं ते खरं खरं लिहा.